रसाळ-सुमार-महिपत ट्रेक करायचा तर गावातल्या पोरांबरोबरच करा

खेड तालुक्यातले हे तीन गड एकाच डोंगरधारेवर आहेत, दक्षिणेला रसाळगड, मधे सुमारगड, उत्तरेला महिपतगड. पायथ्याच्या गावातली पोरं हिवाळ्यात इथे ग्रुप ट्रेक काढतात, त्यांच्याबरोबर आम्ही चिपळूण-गुहागरकडचे काही जण आणि थोडे मुंबईचे चाकरमानी असे मिळून गेलो होतो. कोणी विचारलं तर मी डोळे झाकून ह्यांचंच नाव सांगेन.

रसाळगड तसा सोपा, गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि गडावर झोलाई देवीचं मंदिर आहे, तिथेच पहिला मुक्काम. आणि तोफा! इकडे तिकडे पडलेल्या इतक्या तोफा मी तरी दुसऱ्या कुठल्या डोंगरी गडावर बघितल्या नाहीत. संध्याकाळी गावातून डबे आले, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुका जवळा, आणि न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं गरम गरम. जेवण झाल्यावर आमच्या वाटाड्या दादांनी जे सांगितलं ते ऐकायला मात्र खरंच जायला हवं. खालून जगबुडी वाहते, ती पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्राला, म्हणजे दाभोळ बंदरातला माल खाडीने आत यायचा आणि पुढे घाटवाटांनी वर चढायचा. त्यातला हातलोट घाट बिरमणीतून वर जातो, मागे मकरंदगड उभा. हा सगळा टापू जावळीच्या मोऱ्यांचा, १६५६ ला महाराजांनी जावळी घेतली. वरून खोरं समोर पसरलेलं दिसत असताना हे ऐकलं की इथे गड कशाला लागत होते ते आपोआप कळतं.

दुसऱ्या दिवशी सुमारगड, आणि गावातल्या माणसाची किंमत इथे कळते. रानात सगळीकडे ढोरवाटा, एकीसारखी दुसरी, त्यातली आपली कुठली ते मोबाईलवरच्या नकाशात बघून काही समजत नाही, कारवी आणि गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं. दादा कोयत्याने वाट मोकळी करत पुढे आणि मागून त्यांचा पुतण्या कोणी मागे राहत नाही ना ते बघत. धनगरवाड्यावर थांबवलं, ताक पाजलं, मगच पुढे. शेवटी कातळाचा टप्पा आहे तिथे रोप लावला, एकेकालाच सोडलं, एक जण वर आणि एक खाली उभा. आमच्यातल्या एका काकूंना नाही जमलं तर "ताई, तुम्ही हितंच बसा, मी हाय तुमच्याजवळ" म्हणून पुतण्या त्यांच्यासोबत खालीच थांबला, कोणी त्यांना घाई केली नाही की हसलं नाही, हे मला फार आवडलं. वर कातळात कोरलेली टाकी आहेत, आत खांब सोडलेली, आणि गुहेत महादेवाची पिंड. छोटासा गड, पण तिघांत माझा सगळ्यात लाडका.

महिपतगड प्रचंड मोठा, एका दिवसात नीट बघून होत नाही, आम्ही पारेश्वराचं मंदिर आणि दोन दरवाजे बघून दहिवलीत उतरलो. हा भाग घाईत उरकला असं वाटलं, ह्यांनी इथे अर्धा दिवस वाढवायला हवा.

तक्रारी दोनच. मेसेजमध्ये "सोपा ट्रेक" लिहितात ते बदला, दुसरा दिवस अजिबात सोपा नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी येऊच नये. आणि परतीची जीप बराच वेळ आली नाही, तिथे रेंज नाही त्यामुळे फोनही लागेना.

पाणी तीन लिटर घ्याच, मधल्या टप्प्यात भरवसा नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, गवत कापतं. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, पावसाळ्यात सुमारच्या वाटेला जाऊ नका. पैसे गावातच राहतात, घरटी जेवणाची पाळी लावलेली असते, त्यामुळे फीसाठी घासाघीस करू नका. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने आलात तर खेड स्टेशनला पोरं न्यायला येतात, फक्त आधी कळवून ठेवा.