हातातला ॲनालायझर की वायरलेस सेन्सर? नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या मध्यम कारखान्यांसाठी

चाळीस-पन्नास पंप, पंखे आणि गिअरबॉक्स सांभाळायचे असतील तर एक तर दर महिन्याला कंपनं मोजणारा ॲनालायझर घेऊन फेरी मारायची, नाही तर कंपनाचे सेन्सर लावून स्क्रीनवर बेअरिंग निकामी व्हायला ‘उरलेले दिवस’ बघायचे.

काही जागी वादच नाही. कूलिंग टॉवरचा पंखा फिरत असताना त्याच्या गिअरबॉक्सजवळ कोणी जात नाही, तिथे सेन्सरच हवा. दोन फेऱ्यांच्या मधे आठवड्याभरात जाणारं बेअरिंगही त्यालाच सापडतं. फक्त तो मॅग्नेटवर ठेवू नका. रंग खरवडून स्टड मारा, निदान इपॉक्सीने चिकटवा. मॅग्नेटवर साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरचं रीडिंग भरवशाचं राहत नाही आणि बेअरिंगची पहिली कुरकुर तिथेच असते.

खटकतो तो ‘उरलेले दिवस’ हा आकडा. समजा, आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढणारा पंखा) २२२२० नंबरच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर, म्हणजे रोलर फिरतात त्या कड्यावर, खड्डा पडलाय. एन्व्हलपमध्ये (बारीक धक्के वेगळे काढून दाखवणारा आलेख) बीपीएफओ, म्हणजे बाहेरच्या रेसवरच्या खड्ड्याची फ्रिक्वेन्सी, आणि त्याचे पट स्वच्छ दिसतायत, स्क्रीन २५ दिवस सांगते. फिटर नेहमीसारखं ४० ग्रॅम ग्रीस मारतो (बाहेरचा व्यास १८० मिमी × रुंदी ४६ मिमी × ०.००५, म्हणजे हिशेबाने बरोबरच). दुसऱ्या दिवशी आकडा १४०! खड्डा जागच्या जागी आहे. ताज्या ग्रीसने धक्के दबले एवढंच. रोलरखाली खड्ड्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या तरी पातळी काही काळ उतरते आणि मग चढते. तोवर खरेदी विभागाने १४० बघून नव्या बेअरिंगची ऑर्डर पुढे ढकललेली असते. सगळी सॉफ्टवेअर अशी नसतीलही. काहींत ग्रीसची नोंद टाकता येते, पण रात्रपाळीत ती टाकणार कोण?

ॲनालायझरवाला माणूस ग्रीसच्या आधी रीडिंग घेतो, मशीनवर ठोकलेल्या त्याच पंच मार्कवर, शक्यतो त्याच लोडला. नुसता कंपनाचा मिमी/सेकंद आकडा बघून तो थांबत नाही, कारण ओव्हरऑल (एकूण कंपन) २ असतानाही रेस गेलेली असू शकते. तापमान तर सगळ्यात शेवटी बोलतं. त्यातही नागपुरात जानेवारीची पहाट १० अंशांची आणि मे महिन्याची दुपार ४५ ची. एकच अलार्म ठेवला तर उन्हाळाभर खोटा वाजेल. बेअरिंगच्या तापमानातून हवेचं वजा करून ट्रेंड काढावा.

हा माणूस नोकरी सोडून गेला की पद्धत कोलमडते, हे खरं. तरी दिवस मोजण्यापेक्षा त्याचा निकष कामाचा वाटतो: बीपीएफओसारख्या खुणा एन्व्हलपपुरत्या असतील तर स्पेअर मागवा, त्याच खुणा साध्या व्हेलॉसिटी स्पेक्ट्रममध्ये (कंपनाच्या वेगाचा फ्रिक्वेन्सीनुसार आलेख) उतरल्या की येणारा पहिला शटडाऊन सोडू नका.

म्हणून मुख्य खर्च एकावरच करायचा असेल तर ॲनालायझर आणि शिकलेला माणूस. हात न पोचणाऱ्या चार-पाच जागी सेन्सर लावा, पण ऑर्डरआधी विक्रेत्याला विचारा, कच्ची वेव्हफॉर्म (सेन्सरने नोंदलेलं मूळ कंपन) उतरवून घेता येते का. ‘गरज काय त्याची?’ असं उत्तर आलं तर दुसरा विक्रेता बघा.