सुती की पॉलिस्टर: श्रीलंकेतल्या लांब मुक्कामासाठी कपडे निवडताना

इंदूरमध्ये कपडे वाळण्याची काळजी कुणी करत नाही. मे महिन्यात गच्चीवर घातलेली जीन्सही दुपारच्या चहापर्यंत कडकडीत होते, त्यामुळे कपडा अंगाला कसा लागतो एवढेच पाहून आपण तो घेतो. गॉलजवळच्या किनाऱ्यावर जानेवारीपासून साडेतीन महिने राहिल्यावर माझा हा हिशेब उलटला. तिथे रात्रीही पारा फारसा उतरत नाही, हवा बाष्पाने जड असते आणि कपड्याची खरी परीक्षा दोरीवर होते.

जाताना मी दोन्ही प्रकार नेले होते: एम.टी. क्लॉथ मार्केटमधून पातळ सुती कापड आणून शिवून घेतलेले अर्ध्या बाह्यांचे तीन सदरे, आणि झटपट सुकणारे म्हणून मिळतात तसे पॉलिस्टरचे तीन टी-शर्ट. वाळण्यात पॉलिस्टर निर्विवाद सरस आहे. सूत नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प ओढून घेते, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. रात्री दहाला धुतलेला टी-शर्ट सकाळी सहाला घालता येई. शेजारच्या सदऱ्याची पाठ तोवर कोरडी झालेली असली तरी कॉलर आणि खिशाची दुहेरी शिवण बोटांना गार लागे. असा सदरा घडी करून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो, हा सुताचा दोष मी झाकणार नाही.

तरीही पारडे फिरले ते पॉलिस्टरच्या एका खोडीमुळे. तिसऱ्या आठवड्यापासून असे होऊ लागले की धुतलेला टी-शर्ट नाकाशी धरला तर साबणाचाच वास येई, पण तो घालून बसथांब्यापर्यंत दहा मिनिटे चालले आणि काख तापली, की परवाचा घाम पुन्हा हजर. हा धागा पाणी शोषत नाही, अंगाचे तेल मात्र घट्ट धरून ठेवतो. बादलीतल्या गार पाण्याने ते सुटत नाही आणि वास निर्माण करणारे जिवाणू त्यावरच पोसतात. मी गरम पाण्यात भिजवून पाहिले, लिंबू चोळले, एकदा व्हिनेगरमध्येही बुडवले. दोन दिवस बरे जात, मग पुन्हा तेच. कोलंबोहून कँडीला जाणाऱ्या भरगच्च गाडीत हात वर करावा लागू नये म्हणून दांडी न धरता दाराशी टेकून मी जवळजवळ तीन तास काढले, आणि त्याच प्रवासात माझा निर्णय झाला.

सुताच्या दोषावर निदान उपाय तरी आहे. सदरा पिळून कोरड्या पंच्यावर पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करायची, ती पुन्हा पिळायची आणि मग सदरा पंख्याखाली टांगायचा. पंचा बरेच पाणी ओढून घेतो आणि पातळ असल्यामुळे स्वतःही लवकर वाळतो. जाड टॉवेल त्या हवेत दिवसभर ओलाच राहतो. पुढे मी सदऱ्यांचे खिसेही उसवून टाकले. त्यानंतर सकाळी ओली कॉलर क्वचितच हाताला लागली. लिननही चांगलेच म्हणतात, पण चुरगळलेला सदरा मला सोसत नाही.

अर्थात तुमचा मुक्काम मे ते सप्टेंबर या काळात, नैऋत्य मोसमी पावसात याच किनाऱ्यावर असेल, किंवा रोज गाव बदलायचे असेल, तर पॉलिस्टरला नाही म्हणणे कठीण आहे. रोज धावायला जाणाऱ्यांनाही कदाचित तेच सोयीचे पडेल. अर्ध्या चड्ड्यांवर मात्र भर देऊ नये. कँडीच्या दळदा मालिगावा मंदिरात खांदे आणि गुडघे झाकावे लागतात, आणि तिथे सुती पायजमा उत्तम चालतो. नुवारा एलियाला जाणार असाल, तर ते गाव जवळपास १,९०० मीटर उंचीवर आहे, म्हणून एक स्वेटर हवाच. जीन्स घरीच राहू द्यावी.

यंदा पुन्हा जायचे ठरले आहे. बॅगेत बिनखिशाचे चार सुती सदरे आणि दोन पंचे ठेवले आहेत; पॉलिस्टरचा एकच टी-शर्ट घेतला आहे, तोही समुद्रात उतरण्यापुरता.