पर्जन्यमापक की मोबाइल टॉवर?

पाऊस मोजायचा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पर्जन्यमापक: वर नरसाळं, खाली भांडं. पडलेलं पाणी थेट मिलिमीटरमध्ये मोजायचं, मधे कुठलंही सूत्र नाही. पण त्याचं तोंड जेमतेम काही शे चौरस सेंटिमीटरचं. दोन किलोमीटरवर ढगफुटी झाली तरी त्याला पत्ता नसतो.

दुसरा मार्ग मला जास्त मोहवतो. मोबाइल टॉवर बऱ्याच ठिकाणी एकमेकांशी सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्ह) जोडलेले असतात. पावसाचे थेंब त्या लहरींची काही ऊर्जा शोषतात, काही विखुरतात, आणि सिग्नल क्षीण होतो. ही घट डेसिबलमध्ये मोजली की दोन टॉवरांमधल्या वाटेवरच्या पावसाची सरासरी तीव्रता काढता येते. लहरींची वारंवारिता २० ते ४० गिगाहर्ट्झच्या आसपास असेल तर घट आणि तीव्रता यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेतलं असतं, ही तर मोठीच सोय! इस्रायली संशोधक हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही पद्धत मांडली. पुढे नेदरलँड्समध्ये अशा जोडण्यांवरून देशभराचे पर्जन्यनकाशे तयार झाले. वेगळं उपकरण उभारावं लागत नाही. कंपन्यांनी नोंदी मात्र द्यायला हव्यात.

अचूकतेत पर्जन्यमापकच वरचढ. अँटेना ओली झाली की घट उगाच वाढलेली दिसते, रिमझिम निसटते, ओल्या बर्फाने गणित बिघडतं. म्हणून अधिकृत नोंदीसाठी मी पर्जन्यमापकावरच विसंबेन. पण मापकं विरळ असतील आणि पुराआधीचं एकेक मिनिट मोलाचं असेल, तिथे टॉवरांचे सिग्नल वाया घालवणं मला अजिबात पटत नाही.