तुळस की सब्जा, पान की मंजिरी: तेल नेमकं कशाचं काढावं?

वाफेवर तेल काढायचं छोटं पात्र तुमच्याकडे आहे, ते जोडताही येतं, असं धरून चालतो. प्रश्न एवढाच उरतो की त्यात भरायचं काय. मी दोन्ही झाडांचं तेल बरेच दिवस आलटून पालटून काढलं. माझा कौल आता एका बाजूला झुकलाय, आणि तो का झुकला ते सांगतो.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. कुपीवरच्या शास्त्रीय नावात कुठे ऑसिमम सॅन्क्टम असतं, कुठे ऑसिमम टेन्युइफ्लोरम. झाड एकच, आपली तुळस. दोन्ही नावं लिनियसनेच दिलेली, टेन्युइफ्लोरम 1753 साली आणि सॅन्क्टम 1767 साली. आधीचं नाव ग्राह्य धरतात. सब्जा म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम, तिची जवळची नातलग.

नातं जवळचं असलं तरी तेलं वेगळी. तुळशीच्या पानात बहुधा युजेनॉल हा लवंगेतलाच वासाचा घटक जास्त, म्हणून पान चुरगळलं की लवंगेची आठवण होते. काही झाडांत मात्र युजेनॉलऐवजी मिथाइल युजेनॉल वरचढ असतं, आणि 2023 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकलंय. नाकाला हा फरक खात्रीने कळेल असं मी म्हणणार नाही. सब्जात, तेलात कोणता वासाचा घटक जास्त त्यावरून, लिनालूलचं झाड आणि मिथाइल चॅव्हिकॉलचं झाड असे दोन प्रकार नेहमी भेटतात. पहिल्याचा वास हलका, फुलांचा. दुसऱ्याचा बडीशेपेसारखा गोड. इथे मात्र पान बोटांत चोळलं की बराचसा निकाल लागतो. मी पहिला घेतो.

आता भाग. काडी सोडून द्या, ती जागा अडवते आणि तेल नावापुरतं देते. मुळाचंही तेच. बियांत तेल असतं, पण ते उडून जाणारं नव्हे. वाफेवर हाती काही लागत नाही. खरा सामना पान आणि मंजिरीचा. तेलाच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असतात, तशाच फुलाखालच्या हिरव्या पेल्यावरही. भिंगातून पाहिलं तर पेल्यावर चकचकीत, पिवळसर ठिपके दिसतात, नखाने दाबले की लगेच वास सुटतो. कोवळ्या पानावर हे ठिपके दाट असतात, पान पसरत गेलं की विरळ होतात. म्हणूनच मोठी, रुंद पानं बघून हुरळून जाऊ नये.

माझा निर्णय मात्र या कशावरून झाला नाही. तो झाला तेल पाण्यापासून सुटत नव्हतं म्हणून.

तुळशीची पानं चढवली की पहिल्या वाफेबरोबर हलके घटक येतात आणि पाण्यावर छान तवंग धरतो. युजेनॉलचा उत्कलनबिंदू 254 अंश सेल्सिअस, त्यामुळे ते रेंगाळत, मागाहून येतं. शिवाय त्याची घनता 1.06 च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा थोडी जास्त. मग काय होतं, तर काही थेंब वर, काही तळाला, आणि बाकीचे अधेमधे लोंबकळत. सगळं दुधाळ. एकदा रात्रभर भांडं न हलवता ठेवलं. सकाळी बघतो तर पाणी तसंच गढूळ, आणि तळाशी मोहरीएवढे तीन-चार थेंब. मीठ घातलं की पाणी जड होतं आणि तेल वर येतं, हे खरं. पण मग तेलाखालचं ते सुगंधी पाणी, म्हणजे अर्क, खारट होऊन वाया जातो, आणि मला तो तेलाइतकाच हवा असतो. त्यातून लोखंडाचा एखादा स्क्रू जरी वाफेच्या वाटेत आला तरी युजेनॉल काळपट रंग धरतं. तेही भोगून झालंय.

सब्जाच्या मंजिऱ्यांनी हा त्रास दिला नाही. लिनालूलची घनता 0.86, उत्कलनबिंदू 198 अंश. तेल लवकर येतं आणि सरळ वर तरंगतं. पाण्याची आणि तेलाची रेघ इतकी स्पष्ट की ड्रॉपरने उचलता येतं. पानांचं तेल थोडं जास्त निघतं असं मला वाटतं, पण त्यात हिरवट, गवताळ वास मिसळतो. मंजिरीचं तेल माझ्या नाकाला गोल वाटतं. मोजमाप नाही, अनुभव आहे. तुमच्या झाडाचं वेगळं असू शकेल. आणि सब्जाचं तेल निर्धोक आहे असंही नाही: हवा लागून लिनालूल जुनं झालं की त्वचेला खाज आणू शकतं. कुपी लहान घ्या आणि गळ्यापर्यंत भरा.

लवंगेचा तो तिखटपणाच हवा असेल तर तुळशीला पर्याय नाही, आणि मग पानंच घ्या. तेल गोळा करायचं भांडं उंच, अरुंद गळ्याचं, आणि सगळं काचेचं किंवा स्टीलचं असू द्या. कापूर तुळशीच्या (जिच्या तेलात कापूर असतो) वाटेला जाणाऱ्यांनी कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करणारी, नळी रुंद ठेवावी. कापूर आत गोठून बसतो.

मी सध्या सब्जाच्या मंजिऱ्या अर्ध्या फुलल्या की खुडतो. खालचे पेले तपकिरी व्हायच्या आत, दव सुकल्यावर, आणि दुपारच्या आत पात्रात.