वैमानिकाची सही: भिंतीवर की अल्बममध्ये?

हाती पैसे मोजकेच असलेल्या संग्राहकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो: विमानचित्राची वैमानिकांनी सह्या केलेली मर्यादित आवृत्तीतली प्रिंट घ्यावी, की सही असलेला टपाल लिफाफा, पत्र किंवा छायाचित्र घ्यावे? मी दोन्ही प्रकार जमवले आहेत आणि दोहोंपैकी कशालाही कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तरीही अलीकडे माझी खरेदी बहुतेक एकाच बाजूला होते.

प्रिंटची बाजू तशी भक्कम आहे. रॉबर्ट टेलर यांच्यासारख्या चित्रकारांच्या आवृत्त्या गाजू लागल्या, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी वैमानिक हयात होते आणि प्रकाशक त्यांच्याकडून चित्राखालच्या समासात पेन्सिलीने सह्या करून घेत असत. सोबत क्रमांक आणि प्रमाणपत्र असल्याने सहीच्या खरेपणाचा प्रश्न बराचसा सुटतो. ब्रिटिश लढाऊ वैमानिक रॉबर्ट स्टॅनफर्ड टक यांचे विमान जानेवारी १९४२ मध्ये पडले, टक जर्मनांच्या हाती सापडले, जर्मन लढाऊ वैमानिक अॅडॉल्फ गालांड यांनी त्यांना जेवायला बोलावले आणि युद्धानंतर दोघांची मैत्री झाली. अशा एकेकाळच्या शत्रूंच्या सह्या एकाच समासात शेजारीशेजारी पाहण्याचे सुख सुट्या कागदावर क्वचितच मिळते.

सुट्या सहीत धोका अधिक, हे मान्य करायला हवे. जर्मनीतल्या धरणांवरच्या हल्ल्याचे नेतृत्व करणारे ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सन सप्टेंबर १९४४ मध्येच मारले गेले, त्यामुळे त्यांची अस्सल सही त्या काळच्या कागदावरच असू शकते, आणि नेमक्या अशाच नावांच्या बनावट सह्यांचा मोह विक्रेत्यांना होतो. मात्र सरावाने नजर तयार होते. लिफाफा तिरप्या उजेडात धरला की बॉलपेनच्या सहीचा खोलगटपणा कागदावर उमटलेला दिसतो आणि वळणागणिक हाताचा दाब बदललेला जाणवतो. ऑटोपेन या सहीची नक्कल काढणाऱ्या यंत्राच्या सहीत रेषा एकसारख्या दाबाची असते आणि तिची दोन्ही टोके बोथट वाटतात. लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमचे विमानातून नेलेले लिफाफे मला विशेष आवडतात, कारण तारखेचा शिक्का आणि उड्डाणाची माहिती यांमुळे लिफाफा स्वतःच बरेच काही सांगून जातो.

माझ्यापुरता निकाल लागला तो मात्र उजेडामुळे. पेन्सिलीतले ग्राफाइट उजेडाने उडत नाही, पण ऑफसेट छपाईतली शाई उडते. लाल आणि पिवळ्या छटा आधी विटतात आणि संध्याकाळचे आकाश हळूहळू निळसर, थंड दिसू लागते. म्हणून प्रिंट खिडकीपासून दूर हलवावी, तर काचेत दिव्याचे प्रतिबिंब पडून समासातली सही दिसेनाशी होते. प्रतिबिंब टाळायला आणखी अंधारी भिंत शोधावी, तर चित्रच दिसत नाही. अतिनील किरणे अडवणारी काच लावली तरी झीज फक्त मंदावते. फ्रेम न करता नळीत गुंडाळून ठेवावी, तर बाहेर काढताना एका हाताने उचललेल्या जाड कागदावर चंद्रकोरीसारखी वळी पडते आणि ती कायमची राहते. शिवाय फ्रेम करणाऱ्याला वारंवार बजावले नाही, तर तो सवयीने समासावर माउंट (पुठ्ठ्याची चौकट) चढवून सह्याच झाकून टाकतो किंवा प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून तिची किंमत घालवतो. ज्या वस्तूकडे पाहण्यासाठी पैसे मोजले, तिच्याकडे पाहिल्यानेच ती खराब होते, हा त्रास मला अखेर असह्य झाला.

लिफाफ्याला ही अडचण नाही. आम्लमुक्त पानांच्या अल्बममध्ये तो अंधारात राहतो, हवा तेव्हा हातात घेऊन जवळून पाहता येतो आणि चार पिढ्यांचा संग्रह एका फळीवर मावतो. स्केचपेनच्या सह्या मात्र मी टाळतो, कारण त्या अल्बममध्ये ठेवूनही फिकट होताना पाहिल्या आहेत. ज्यांची अंधारी, प्रशस्त खोली आहे किंवा ज्यांना चित्रकाराने समासात काढलेले छोटे पेन्सिलचित्र मोलाचे वाटते, त्यांचे मत वेगळे होऊ शकते. बाकीच्यांना भिंतीवर विमान हवेच असेल, तर सही नसलेली साधी प्रिंट घेऊन ती निर्धास्तपणे उजेडात लावता येते, आणि वाचलेल्या पैशांत एखादा चांगला लिफाफा मिळतो.