रफरायडर्सचा सीझन पास: अख्खा सीझन वापरल्यावर

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताची कॅनेडियन फुटबॉल टीम म्हणजे सस्कॅचवान रफरायडर्स, तिचा सीझन पास जून ते ऑक्टोबर पुरेपूर वापरला, आता नीट लिहिते. टीमच्या गावी, म्हणजे प्रांताची राजधानी रिजायनात, राहायला येत असाल तर डोळे झाकून घ्या.

गेम समजायला वेळ लागत नाही. अमेरिकन फुटबॉलसारखाच, पण मैदान 110 यार्डांचं, एका बाजूला 12 प्लेअर आणि 10 यार्ड पुढे सरकायला तीनच डाऊन, म्हणजे तीनच प्रयत्न, त्यामुळे सारखं काहीतरी घडत असतं. पण पैसे खरे वसूल होतात ते स्टँडमध्ये. सगळा प्रांत मिळून बारा लाखांच्या आसपास माणसं, आणि टीमचं मोझेक स्टेडियम 33 हजारांचं! सॅस्काटूनहून अडीच तास गाडी हाणत लोक येतात, शेतावरून थेट येणारेही असतात. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा कलिंगड अर्धं कापून, गर खरवडून, आत नॅपकिन लावून हेल्मेटसारखं घालतात, टचडाऊन (बॉल पार शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले पॉइंट) झाला की उड्या मारतात आणि रस कानामागून गळ्यात उतरतो तरी पुसत नाहीत.

त्यांच्याशीच गप्पा मारताना मला टीमचा इतिहास कळला. 1910 चा क्लब, मालक असा कोणी शेठ नाही, टीम लोकांचीच. 1987 ला पैशांअभावी बंद पडायची वेळ आली तेव्हा टीव्हीवर टेलिथॉन, म्हणजे मदत मागणारा तासन्‌तासांचा कार्यक्रम, करून लोकांनी वर्गणी काढावी तशी वाचवली आणि दोनच वर्षांत, 1989 ला, आपला किकर रिजवेच्या शेवटच्या किकवर हॅमिल्टनला 43-40 हरवून ग्रे कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणला, मला तर ऐकतानाही काटा आला. त्याआधी आठ फायनल हरून पहिला कप मिळाला तो थेट 1966 ला, लँकेस्टर आणि जॉर्ज रीड या तेव्हाच्या स्टार खेळाडूंच्या टीमने. आणि 2009 ची फायनल... आजोबा अजून विषय काढला की गप्प होतात. माँट्रियलची शेवटची किक हुकली, इकडे जल्लोष सुरू, आणि कळलं की आपले 13 जण मैदानात होते. किक परत मारायला मिळाली, एका पॉइंटने फायनल गेली. एवढं होऊन पुढच्या वर्षी कोणी पाठ फिरवली नाही हो, याचंच मला फार कौतुक वाटतं.

म्हणून 2025 ला विनिपेगमध्ये त्याच माँट्रियलला 25-17 ने हरवून पाचवा कप आला तेव्हा आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत हॉर्न वाजत होते.

त्रास एकच, वारा. सप्टेंबरनंतर संध्याकाळच्या मॅचला थर्मल, कानटोपी आणि मांडीवर घ्यायला जाड ब्लँकेट हवंच, नुसत्या जॅकेटवर भागत नाही. लहान मुलं असतील तर दुपारच्या मॅच बघा, गेनर नावाचा गोफर (खारीसारखा प्राणी) मॅस्कॉट त्यांना फार आवडतो. आणि काहीही करा पण विनिपेगविरुद्धची लेबर डेची (सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुट्टीची) मॅच चुकवू नका, पास नसेल तर तिकीट उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवा.