कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी ऊब: हीट मॅट घ्यावी की वरचा हीटर?

कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी आणि शांत स्वभावाचा साप. ब्रिटनमध्ये तो पाळायला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथल्या एखाद्या मराठी घरातही मुलांच्या हट्टापायी त्याचे पिल्लू येऊ शकते. (महाराष्ट्रात धामण किंवा इतर देशी साप घरी पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे गावाकडच्या उत्साही भाच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.) अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू पेन्सिलीइतके बारीक, साधारण 25 सेंटिमीटर लांब असते आणि त्याचे वजन बहुधा 10 ग्रॅमपेक्षाही कमी भरते. स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करणे त्याला जमत नसल्यामुळे खाल्लेले पचवण्यासाठीसुद्धा ते बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. पुरेशी ऊब न मिळाल्यास गिळलेला पिंकी (केस न आलेले उंदराचे पिल्लू) ते ओकून टाकते, आणि एवढ्या लहान जिवाला असे ओकणे महागात पडू शकते.

म्हणून ज्या डब्यात पिल्लू ठेवायचे त्याच्या एका टोकाला 28 ते 30 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 22 ते 24 अंश तापमान असावे, म्हणजे पिल्लाला आपली जागा आपणच निवडता येते. रात्री पारा 20 अंशांच्या आसपास उतरला तरी निरोगी पिल्लाचे काही बिघडत नाही. दोन्ही टोकांना एकेक लपण हवेच, कारण लपण फक्त गार टोकाला असेल तर बुजरे पिल्लू उबेपेक्षा आडोसा पसंत करते आणि उपाशी, थंड अवस्थेत तिथेच बसून राहते.

साधने निवडताना ‘कोणते चांगले तापवते’ हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की ते साधन बिघडले तर काय होईल? पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप तिथून वेळेवर हलेलच याची खात्री नसते, आणि छोट्या डब्यात हलून जाण्यासाठी जागाही फारशी नसते.

हीट मॅट या कसोटीवर बरीच उजवी ठरते. ही पातळ, सपाट चटई डब्याच्या एका टोकाखाली, तळाचा साधारण तिसरा भाग व्यापेल अशी ठेवतात. पिल्लाच्या डब्याला 5 ते 7 वॉटची मॅट पुरते. 7 वॉटची मॅट अखंड चालू राहिली तरी दिवसाला 0.17 युनिट वीज लागते आणि थर्मोस्टॅट (ठरवलेले तापमान आपोआप राखणारे उपकरण) असेल तर त्याहून कमी. ती डब्याबाहेर असल्यामुळे पिल्लाचा तिच्याशी थेट संबंध येत नाही, हवा फारशी कोरडी होत नाही आणि कात टाकतानाही त्रास होत नाही. तिचे दोन दोष मात्र ध्यानात ठेवावे लागतात. एक म्हणजे ती जमीन तापवते, हवा नाही. त्यामुळे खोली स्वतःच रात्री 15 अंशांवर जात असेल तर एकटी मॅट अपुरी पडते. दुसरा दोष अधिक धोक्याचा आहे. डब्यात मॅटच्या वरच्या भागात भुशाचा जाड थर अंथरला, तर भुसा उष्णता अडवतो. वरून मोजले तर 29 अंश दिसतात आणि भुशाखाली तळ त्याहून कितीतरी अधिक तापलेला असू शकतो. पिल्लू तर भुसा उकरत नेमके तिथेच पोहोचते. म्हणून मॅटवरच्या भागात भुसा 1 ते 2 सेंटिमीटरच असावा, किंवा सुरुवातीचे काही महिने सरळ किचन पेपर अंथरावा, आणि तापमान नेहमी तळाचे मोजावे. डब्याखाली हवा खेळायला थोडी फट हवी. मॅटवर काचेची जड टाकी दाबून बसवली तर उष्णता कोंडते आणि काच तडकण्याची भीती असते. मॅट दुमडू नये, कारण घडी पडली की त्या जागी ती जास्त तापते.

वरून ऊब देणाऱ्या साधनांत हॅलोजन दिवा, सिरॅमिक हीटर आणि डीप हीट प्रोजेक्टर (उजेड न देता खोलवर ऊब पोहोचवणारे साधन) येतात. उबेचा दर्जा पाहिला तर यांची बाजू भक्कम आहे. हॅलोजनची उष्णता उन्हासारखी पाठीवर पडते आणि त्वचेखाली खोलवर पोहोचते, हवा गरम होते आणि दिवस-रात्रीचा फरकही राखता येतो. सिरॅमिक हीटर उजेड देत नाही, म्हणून रात्रीही चालतो. पण हे सगळे मोठ्या विव्हेरियमला, म्हणजे साप ठेवायच्या मोठ्या पेटीला, शोभते. 35-40 सेंटिमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या डब्यावर दिवा लावला, तर झाकण मऊ पडू लागते, गार टोक उरतच नाही आणि हवा कोरडी होऊन कात तुकड्यातुकड्यांनी निघते. दिवा आत बसवायचा तर त्याला जाळीचे कवच लागते, आणि मोठ्या सापासाठी बनवलेल्या कवचाच्या भोकांतून पिल्लू सहज आत शिरते. तापलेल्या सिरॅमिकला नुसता स्पर्श झाला तरी गंभीर भाजते. अशा डब्यात 50 वॉटचे साधन थर्मोस्टॅट बिघडून चालूच राहिले, तर काय घडेल ते सांगायला नको.

थर्मोस्टॅटशिवाय यांतले काहीही लावू नये, यावर मात्र मतभेद नसावा. मॅटला साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट पुरतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा (थोड्या-थोड्या वेळाने वीज देणारा) लागतो आणि हॅलोजनला डिमिंगचा (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), कारण दिवा सतत चालू-बंद झाल्यास लवकर जातो आणि पिल्लालाही त्या लुकलुकण्याचा त्रास होतो. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे आहे यावर सगळे अवलंबून आहे. तो डब्याच्या आत सैल सोडला, तर पिल्लू त्याला सरकवते किंवा पाण्याचे भांडे त्यावर सांडते. ओला, थंड पडलेला प्रोब ‘अजून तापव’ असेच सांगत राहतो. म्हणून मॅटच्या बाबतीत तो मॅट आणि डबा यांच्या मध्ये बाहेरून पक्का बसवावा आणि आतला तळ 28 ते 30 अंशांवर येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा हळूहळू जुळवावा. वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्यावाच. थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा प्रोबजवळचा असतो, पिल्लाच्या पोटाखालचा नव्हे.

हीट रॉक, म्हणजे आतून तापणारे कृत्रिम दगड, यांचा विचारच करू नये. डबा खिडकीत उन्हात ठेवणे तर त्याहून वाईट, कारण बंद डबा उन्हात थोड्या वेळात जीवघेणा तापतो.

तेव्हा पहिल्या वर्षासाठी, प्लास्टिकच्या छोट्या डब्याला, मी कमी वॉटची मॅट आणि थर्मोस्टॅट हीच जोडी सुचवेन. खोली थंड पडत असेल तर मोठी मॅट घेण्यापेक्षा आधी खोली उबदार करावी. सुरुवातीपासूनच 60 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे, जाळीच्या झाकणाचे काचघर घ्यायचे ठरले असेल, तर चित्र बदलते: तिथे झाकणाबाहेर, जाळीवर बसवलेला कमी वॉटचा हॅलोजन आणि डिमिंग थर्मोस्टॅट अधिक चांगले काम देतात. मात्र तेव्हा आडोशांची दाटी करावी लागते, नाहीतर एवढ्या मोकळ्या जागेत पिल्लू घाबरून खाणे टाकते.

निवड काहीही असो, पिल्लू आणण्याआधी रिकामा डबा दोन-तीन दिवस चालवून पाहावा, आणि थर्मोस्टॅट 29 अंशांवर लावून प्रोब मुठीत धरावा. मुठीची ऊब त्याहून जास्त असते, त्यामुळे मिनिटा-दोन मिनिटांत साधन बंद झाले पाहिजे. ते झाले नाही, तर थर्मोस्टॅट दुकानात परत करून बदलून घ्यावा आणि तोवर पिल्लू आणू नये.